बोअर मारण्याआधी: सार्वजनिक जमिनीवरील खनिज शोध आणि पर्यावरणाची तपासणी

खनिज शोधाचे बहुतेक ग्राहक बोअरच्या जागा नकाशावर पक्क्या करूनच पर्यावरण तपासणीसाठी आमच्याकडे येतात. तोवर अर्धे निर्णय होऊन गेलेले असतात. जागा पेन्सिलीने मांडलेल्या असतानाच या, ही आमची पहिली विनंती.

९६ मिलिमीटर व्यासाचे, ३०० मीटर खोल बोअर घ्या. त्याचे एकूण आकारमान सुमारे २.२ घनमीटर. ६३.५ मिलिमीटर जाडीचा गाभा, म्हणजे बाहेर काढलेला खडकाचा दंडगोल नमुना, पेट्यांत भरून गेला की चुरा उरतो तो सव्वा घनमीटरच्या आसपास. पॅड, म्हणजे यंत्र उभे करायची सपाट जागा, २० बाय २० मीटरचे, म्हणजे ४०० चौरस मीटर. आणि तिथवर यंत्र नेणारा ४ मीटर रुंद, १ किलोमीटर लांब रस्ता? ४,००० चौरस मीटर, दहा पॅडइतका. म्हणून आमची तपासणी रस्त्यापासून सुरू होते.

उतारावर सरळ काढलेल्या रस्त्याच्या चाकोऱ्यांतून पाणी धावते आणि त्यांचे ओहोळ होतात. जुनी वाट चालत असेल तर तीच घ्यावी. नवी काढावीच लागली तर समपातळी धरून न्यावी, ठरावीक अंतरावर आडवे चर द्यावेत आणि चरांचे तोंड गवताळ जमिनीकडे करावे, ओढ्याकडे कधीच नाही. टायरला चिकटलेली माती जागेवर येण्याआधी धुवायची. परके तण त्या मातीतूनच येते.

पाण्याची आधीची नोंद

आसपासच्या विहिरी, झरे आणि ओढे यांची पातळी, सामू (pH), विद्युत वाहकता, गढूळपणा आणि विरघळलेले धातू कोरड्या व ओल्या अशा दोन्ही हंगामांत मोजून ठेवावे लागतात. एकदाच घेतलेला नमुना पुरत नाही. जिथे खनिज असते तिथल्या झऱ्यात आर्सेनिक किंवा लोह मुळातच जास्त असू शकते. आधीचे आकडे नसतील तर ते पूर्वीपासूनचे की कामामुळे वाढलेले, हे नंतर कोणालाच ठरवता येत नाही. ते पाणी पिणाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे.

गाभ्यात पितळेसारखे चमकणारे पायराइटचे (लोह आणि गंधक यांच्या खनिजाचे) कण दिसले की चुरा उघडा टाकू नका. हवा आणि पाणी मिळाले की पायराइटपासून आम्ल तयार होते आणि ते खडकातले धातू विरघळवते. चुरा आणि पाणी साठवायच्या गाळाच्या खड्ड्याला जाड प्लास्टिकचे अस्तर हवे, तेही खालचे टोकदार दगड वेचून मगच अंथरलेले. डिझेलच्या टाकीभोवतीच्या बांधात टाकीच्या ११० टक्के द्रव मावला पाहिजे.

बोअर बंद करणे

सर्वात जास्त हलगर्जी इथे होते. उघडे बोअर वरचा आणि खालचा जलस्तर जोडते. खारट किंवा धातूयुक्त पाणी गोड्या पाण्यात मिसळते, आणि वरून काहीच दिसत नाही. सिमेंटचे मिश्रण वरून ओतू नका, मध्येच अडकून खाली पोकळी राहते. पाइप तळापर्यंत सोडून खालून वर भरत या. ९६ मिलिमीटरच्या बोअरला मीटरमागे सुमारे ७.२ लिटर मिश्रण लागते. यापेक्षा बरेच कमी लागले तर भिंत ढासळून बोअर मध्येच बुजले असावे. बरेच जास्त लागले तर मिश्रण भेगांत जाते आहे. दोन्ही वेळा थांबून कारण शोधा. दुसऱ्या दिवशी मिश्रण खाली बसलेले दिसले तर पुन्हा भरा. भरणे लांबणार असेल तर त्याच संध्याकाळी झाकण बसवा. उघड्या तोंडात बेडूक, सरडे, उंदीर पडतात आणि त्यांना वर येता येत नाही.

वरची १५ ते २० सेंटिमीटर माती वेगळी काढून ठेवा, ढीग २ मीटरपेक्षा उंच नको. उंच ढिगात आतल्या मातीला हवा मिळत नाही आणि तिच्यातले जीव मरतात. परत पसरण्याआधी यंत्राने दाबलेली जमीन नांगरून मोकळी करा, नाहीतर वरची माती पहिल्या पावसात वाहून जाते.

सार्वजनिक जमीन कोणाच्या ना कोणाच्या वापरात असतेच: चराई, पाणवठा, पायवाट, देवस्थान, दफनभूमी. नकाशावर यांतले थोडेच सापडते. तिथे जाऊन, वापरणाऱ्यांशी बोलूनच ते कळते आणि पॅड ५० मीटर सरकवल्याने अनेकदा प्रश्न सुटतो.

पहिल्या भेटीला बोअरचे अंदाजे स्थान व खोली, यंत्राचे वजन, पाणी कुठून घेणार आणि काम कोणत्या महिन्यांत, एवढी माहिती आणा. पक्ष्यांच्या विणीचा काळ आणि ऐन पावसाचे दिवस वगळून वेळापत्रक त्याच बैठकीत मांडता येईल.