धुराचं वजन कोण करतो?

प्रदूषणाची बातमी आली की ‘कायदे कडक करा’ ही मागणी ठरलेली. पण कायदा बहुतेकदा असतोच. घोडं मोजमापापाशी अडतं. येल विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञ रोहिणी पांडे राजकीय आरक्षणाच्या अभ्यासाकडून पर्यावरणाकडे वळल्या, तेव्हा त्यांनी नेमकं हेच पकडलं.

आधी मोजमाप कसं होतं ते पाहू, कारण मला ते फार आवडतं. चिमणीच्या भोकातून नळी आत सरकवतात आणि पंपाने धूर ओढतात. नळीत बोटाच्या टोपणाएवढी गाळणी असते, तिला थिंबल म्हणतात. थिंबलचं आधीचं आणि नंतरचं वजन, त्यातला फरक म्हणजे कण. मेख आहे ती ओढण्याच्या वेगात. पंप धुराच्या वेगापेक्षा हळू ओढत असेल तर हवा नळीला वळसा घालून जाते. जड कण मात्र जडत्वामुळे सरळ आत घुसतात आणि आकडा फुगतो. जास्त जोरात ओढलं तर उलट, आकडा घसरतो. म्हणजे पंप जरा जास्त जोरात सोडला की कारखाना ‘स्वच्छ’! (होमहवनाने हवा शुद्ध होते म्हणणाऱ्यांनी त्या धुरातही थिंबल धरून बघावं. काजळी पवित्र असली तरी तिचं वजन भरतंच.)

गुजरातमध्ये १९९६ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने कारखान्यांच्या प्रदूषणाचं ऑडिट होई. पण ऑडिटर निवडायचा कारखान्यानेच, पैसेही त्यानेच द्यायचे. कणांची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम, आणि अहवालांतले आकडे त्या रेषेच्या जरा खाली दाटीवाटीने बसलेले. पांडे, एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळासोबत ४७३ कारखान्यांवर प्रयोग केला. निम्म्यांना ऑडिटर चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले, मानधन सामाईक निधीतून दिलं, काही ठिकाणी पुन्हा मोजलं.

जुन्या पद्धतीच्या ऑडिटमध्ये ७ टक्के कारखानेच कणांच्या मर्यादेबाहेर दिसत होते. फेरमोजणीत ५९ टक्के निघाले. नव्या पद्धतीत खोटं ‘पास’ करणं ८० टक्क्यांनी घटलं आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. मला सगळ्यात बोलकं वाटतं ते हे: ज्या ऑडिटरांकडे दोन्ही प्रकारचे कारखाने होते, ते एकीकडे खरं लिहीत होते, दुसरीकडे त्याच काळात खोटं. माणूस तोच, फक्त पैसे देणारा हात बदलला होता.

गुजरातने २०१५ मध्ये नियम बदलला आणि ऑडिटर सोडतीने नेमायला सुरुवात केली. महाराष्ट्राच्या मंडळाने २०१७ मध्ये कारखान्यांना १ ते ५ तारे द्यायला घेतलं. ते तारेही चिमणीतल्या कणांच्या मोजणीवरूनच ठरतात.