वैद्यकीय इच्छापत्र

पुढे कधी आजारपणात स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याइतकी शुद्ध राहिली नाही, तर कोणते उपचार करावेत, कोणते सुरूच करू नयेत आणि चालू असलेले कोणते थांबवावेत, हे धडधाकट असताना लिहून ठेवलेला दस्तऐवज म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र. बोलण्यात ‘लिव्हिंग विल’ हाच शब्द रुळला आहे. मालमत्तेचे मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे मात्र तो असतानाच वाचायचे असते.

वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत या विषयाला सर्रास ‘इच्छामरण’ म्हणतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. इच्छामरण भीष्माला होते. शरपंजरी पडूनही उत्तरायणापर्यंत थांबायचे की नाही, हे त्याच्या हाती होते. वैद्यकीय इच्छापत्राने मरणाची वेळ ठरत नाही. बरे होण्याची आशा संपल्यावर यंत्रांनी मरण लांबवू नये, एवढेच ते सांगते. इंजेक्शन देऊन जीव संपवणे, म्हणजे सक्रिय दयामरण, हा भारतात गुन्हाच आहे. गिरगावातल्या एका वृद्ध दांपत्याने गंभीर आजार नसतानाही एकत्र मरण्याची परवानगी राष्ट्रपतींकडे मागितली होती. त्यांची मागणी गाजली, पण तिचा या दस्तऐवजाशी संबंध नाही.

हा प्रश्न मुळात यंत्राने जन्माला घातला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वास बंद पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून पिशवीने हवा भरण्याची युक्ती ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने काढली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून तासन्‌तास हाताने ती पिशवी दाबली. त्यातूनच पुढे अतिदक्षता विभाग उभा राहिला. तोवर श्वास थांबला की मरण आले, यात वाद नव्हता. आता श्वास चालू ठेवता येतो आणि तो कधी थांबवायचा, हे कुणीतरी ठरवावे लागते. शिकागोचे वकील लुई कुटनर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ‘लिव्हिंग विल’ची कल्पना मांडली. १९७६ साली कॅलिफोर्नियाने तिला कायद्याचे रूप दिले. त्याच वर्षी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरन ॲन क्विनलन या बेशुद्ध तरुणीचा व्हेंटिलेटर काढण्यास परवानगी दिली. व्हेंटिलेटर काढल्यावरही ती १९८५ पर्यंत जगली. नळी काढणे म्हणजे मारणे, हे समीकरण किती कच्चे आहे ते या एका उदाहरणावरून कळते.

उपचार नाकारून मरणाला सामोरे जाणे आपल्याकडे नवे नाही. अन्नत्याग करून देह ठेवण्यासाठी प्रायोपवेशन, जैनांची सल्लेखना हे शब्द जुने आहेत. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध सोडले, तेव्हा त्यांना जबरदस्तीने उपचार देण्याचे कुणाच्या मनात असले तरी ते घडले नाही. १५ नोव्हेंबरला ते गेले. पण विनोबा शुद्धीत होते. ‘नको’ म्हणायला त्यांना कागदाची गरज नव्हती. इच्छापत्र लागते ते ज्याला आता बोलता येत नाही त्याच्यासाठी. भारतात या हक्काचा संघटित आग्रह मुंबईतूनच सुरू झाला. मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी इथे संस्था काढली.

कायदा मात्र अरुणा शानबाग यांच्यामुळे हलला. परळच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. मेंदूला रक्तपुरवठा न झाल्याने त्या पुन्हा कधीच पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. त्यांना भरवणे थांबवून शांतपणे मरू द्यावे, यासाठी पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ही मागणी फेटाळली, कारण वर्षानुवर्षे त्यांना भरवणाऱ्या, पुसणाऱ्या, कूस बदलून देणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना त्या जगायला हव्या होत्या आणि अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने या कर्मचाऱ्यांनाच दिला. त्याच निकालात, अशा प्रकरणी उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवता येतील, हेही मान्य झाले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. एका बाजूला विराणी, दुसऱ्या बाजूला परिचारिका. दोन्ही बाजूंचा जिव्हाळा खरा होता, पण खुद्द अरुणाबाईंना काय हवे होते, हे त्या संपूर्ण खटल्यात कुणालाच सांगता आले नाही. ऐन पंचविशीतल्या मुलीने तसे काही लिहून ठेवावे, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार?

‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कातच, येतो असे सांगून वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. पण अटी अशा घातल्या की कागद कागदावरच राहावा. इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही, उपचार थांबवण्याबद्दल मत देणाऱ्या वैद्यकीय मंडळातल्या तज्ज्ञांना वीस वर्षांचा अनुभव, आणि अंमलबजावणीआधी दंडाधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष रुग्णालयात येऊन पाहणी करायची. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांच्याच संघटनेने हे जमण्यासारखे नाही म्हणून पुन्हा न्यायालय गाठले. २४ जानेवारी २०२३ रोजी अटी सैल झाल्या. आता सज्ञान व शुद्धीतल्या व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून घेतली की पुरे. आपल्या वतीने बोलणाऱ्या एकापेक्षा अधिक व्यक्तींची नावे त्यात घालता येतात. वेळ आल्यावर रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ मत देते. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ असतात. मग दुय्यम मंडळ बसते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि प्राथमिक मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे अशी अपेक्षा आहे. दंडाधिकाऱ्यांना आता फक्त कळवायचे असते. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयाचा रस्ता मोकळा असतो. इच्छापत्र नसलेल्या रुग्णासाठीही नातेवाइकांच्या संमतीने हीच प्रक्रिया करता येते.

इच्छापत्राची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेतल्या अभिरक्षक (ती जपून ठेवणाऱ्या) अधिकाऱ्याकडे द्यायची असते. निकाल लागला तरी हे अधिकारी नेमलेच गेले नव्हते. मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यावर महाराष्ट्रात नेमणुका सुरू झाल्या. गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवले. ते राज्यातले पहिले.

आक्षेपही आहेत आणि ते हलके नाहीत. आपल्याकडे रुग्णापेक्षा आधी मुलाला, जावयाला गाठून ‘पेशंटला सांगू नका’ असे सांगायची पद्धत आहे. निर्णय कुटुंबाचा असतो आणि बऱ्याचदा बिलाचा. आशा संपली किंवा पैसे संपले, की ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध’ अशी सही करून माणसाला घरी नेण्याची वाट इच्छापत्राच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे. त्या वाटेवर ना मंडळ असते, ना वेदनाशामक औषध. इच्छापत्रामुळे गरिबाचे उपचार लवकर थांबतील ही भीती यामुळेच उलटीही मांडता येते: प्रक्रिया नसताना ते आजही थांबतातच. खरी उणीव आहे ती वेदना कमी करणाऱ्या सेवेची. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून मरणासन्न कर्करुग्णांना सांभाळते आहे, पण अशा खाटा गरजेच्या मानाने मोजक्याच आहेत.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील आगाऊ निर्देश हा वेगळा दस्तऐवज आहे. तो मानसिक आजाराच्या उपचारांपुरताच लागू होतो. वैद्यकीय इच्छापत्र कधीही लेखी रद्द करता येते किंवा बदलता येते. प्रत फॅमिली डॉक्टरकडे आणि ज्यांची नावे लिहिली त्यांच्याकडे असावी लागते; बँकेच्या लॉकरमध्ये जपून ठेवलेला मूळ कागद रविवारी मध्यरात्री आयसीयूच्या दाराशी कुणाच्या हाती लागत नाही.