स्कूबा फिनचे माप

स्कूबा फिनचे माप : पाणबुड्याच्या पावलाला आणि त्यावरच्या बुटाला फिन नेमकी बसावी यासाठी तिची खोळ व पाते निवडण्याची रीत. फिन म्हणजे पायात घालायचे वल्हे. पाऊल जिच्यात शिरते ती रबराची खोळ, म्हणजे फूट पॉकेट, आणि तिच्यापुढे पसरलेले चपटे पाते, असे तिचे दोन भाग. घेणाऱ्याची नजर आधी पात्यावर जाते: त्याची लांबी, रंग, त्यातल्या फटी. पाण्यात उतरल्यावर मात्र पायाचे सुखदुःख खोळ ठरवते. तिचे माप चुकले तर उत्तम पातेही वाया जाते, आणि ते जमले तर साध्या पात्यावरही माणूस तासभर आरामात पोहतो.

जमिनीवरचा बूट अंगाचे वजन पेलतो. फिनला ते काम नसते. पाण्यात पावलावर भार नसतो, चवडा ताणलेला असतो, आणि मांडीपासून निघालेला जोर बराचसा पावलाच्या वरच्या बाजूने, बुटाची नाडी बांधतो त्या जागेवरून, पात्यात उतरतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी मुलगा असताना पोहण्यासाठी हातात धरायच्या लाकडी फळ्या केल्या होत्या आणि तळव्यांनाही चपलांसारखे काही बांधून पाहिले होते. पायांचा प्रयोग त्यांना पटला नाही. पाण्याला रेटा देण्यात पावलाच्या आतल्या बाजूचा आणि घोट्याचाही वाटा असतो, हे त्यांनी हेरले होते. फिनची खोळ पाऊल वरूनही का धरते, याचे उत्तर या निरीक्षणात आहे. रबरी फिनचे पेटंट फ्रेंच नौदल अधिकारी लुई द कोर्लियू यांनी १९३३ मध्ये घेतले. पुढे ओवेन चर्चिल यांनी त्यांच्याकडून परवाना मिळवून १९४० मध्ये अमेरिकेत उत्पादन सुरू केले.

खोळ सैल असली की प्रत्येक लाथेचा पहिला भाग पाऊल खोळीत हलण्यातच जातो. फिन निसटू नये म्हणून पाणबुड्या नकळत बोटे आखडून धरतो, पोटरीचा स्नायू सतत ताणलेला राहतो आणि थोड्या वेळाने पोटरीत गोळा येतो. अनेकजण याचा दोष पात्याच्या कडकपणाला देतात. आधी खोळ तपासलेली बरी. टाचेवरचे फोड हीदेखील बहुधा सैल फिनचीच खूण असते. घट्ट खोळीचा त्रास वेगळा: पावलाच्या वरच्या भागावर दाब येऊन बोटे बधिर होतात, आणि गार पाण्यात तर ती आधी थंड पडतात, मग दुखू लागतात. किनाऱ्यावर किंचित चावणारी फिन पाण्यात अर्ध्या तासाने सहन होत नाही. 'वापरून सैल होईल' हा चपलांबाबतचा भरवसा इथे चालत नाही, कारण खोळीचे रबर चामड्यासारखे पायाचा आकार घेत नाही.

फिनचे मुख्य प्रकार दोन. बंद टाचेच्या म्हणजे फुल-फूट फिनमध्ये टाचेसकट सगळे पाऊल खोळीत जाते आणि ती अनवाणी किंवा पातळ मोजा घालून वापरतात. उघड्या टाचेच्या म्हणजे ओपन-हील फिनला मागे फक्त पट्टा असतो आणि ती निओप्रीन या फेसाळ रबराच्या बुटावर चढवतात. पहिल्या प्रकारात पट्टा आवळून चूक झाकता येत नाही, म्हणून माप काटेकोर लागते. दुसऱ्यात पट्टा मागेपुढे करता येतो, आणि याच सोयीमुळे लोक खोळीच्या मापाकडे दुर्लक्ष करतात. पट्टा फिनला पुढे निसटण्यापासून रोखतो. खोळीतले पाऊल डावीउजवीकडे किंवा वरखाली डुलत असेल तर तो कितीही आवळला तरी उपयोग होत नाही.

फुल-फूट फिनवर बहुधा बुटांचेच आकडे असतात, तेही जोडीने: ४०-४१, ४२-४३. युरोपीय पद्धतीत एक आकडा म्हणजे सेंटिमीटरचा दोन तृतीयांश, सुमारे ६.७ मिलिमीटर. तो पावलाची नव्हे, बूट ज्या साच्यावर बेततात त्याची लांबी सांगतो. ४२ चा साचा २८ सेंटिमीटरचा, त्यामुळे त्यात बसणारे पाऊल त्याहून दीड-दोन सेंटिमीटरने आखूड असते. ब्रिटिश आकडा एक तृतीयांश इंचाने चढतो. अमेरिकन आकड्यांमधले अंतरही तेवढेच, पण सुरुवात वेगळी, म्हणून पुरुषांचा ब्रिटिश ८ हा अमेरिकेत साधारण ९ होतो आणि बायकांचे आकडे आणखी निराळे. नुसता '८' पाहून फिन घेतली तर ती पूर्ण एका मापाने चुकू शकते. ओपन-हील फिनवर आकड्यांऐवजी स्मॉल, मीडियम, लार्ज असे लिहिलेले असते, आणि एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीच्या लार्जएवढा भरू शकतो. म्हणून पावलाची लांबी मिलिमीटरमध्ये माहीत असणे सगळ्यांत खात्रीचे. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहावे, सगळ्यांत लांब बोटापाशी खूण करावी, दोन्ही पायांची मापे घ्यावीत आणि मोठे धरावे. हे संध्याकाळी करावे. दिवसभराच्या वावराने पाऊल किंचित सुजलेले असते.

बूट मध्ये आला की हिशोब बदलतो, आणि नवख्यांची गफलत बहुतेक वेळा इथेच होते. निओप्रीनचे बूट साधारण ३, ५ किंवा ७ मिलिमीटर जाडीचे मिळतात. ५ मिलिमीटरचा बूट पावलाची लांबी पुढून ५ आणि मागून ५, अशी १० मिलिमीटरने वाढवतो. तळाचा सोल आणि पुढचे रबर धरले तर थोडी जास्त. घेर मात्र थराच्या जाडीच्या सुमारे सव्वासहा पट वाढतो: ५ मिलिमीटरच्या थराने पावलाभोवतीचे माप सुमारे ३१ मिलिमीटरने, ७ च्या थराने ४४ मिलिमीटरने. म्हणूनच बूट घालून फिन चढवताना पाऊल अडते ते बोटांपाशी नाही, तर कमानीच्या वरच्या उंचवट्यावर. लांबीच्या तक्त्यात अगदी बरोबर बसणारी फिन बुटासकट आत शिरतच नाही, याचे कारण हे. तेव्हा आधी बूट पक्के करावेत आणि तेच घालून फिन निवडावी. दुकानातले उसने बूट घालून घेतलेले माप घरच्या बुटाला लागू पडेलच असे नाही.

फिन घालून बघायची ती बसून. ओपन-हील फिनची चाचणी पट्टा न लावता सुरू करावी: बूट ओला करावा, पाऊल आत सारावे आणि थांबावे. बूट खोळीत सहज पण रेटून शिरायला हवा, आणि खोळीची वरची कड पावलाच्या उंचवट्यापर्यंत यायला हवी. ती फक्त बोटांवरच थांबली तर फिन लहान आहे. बुटाचे टोक खोळीच्या पुढच्या भिंतीला दाबून बसता कामा नये. पुष्कळ खोळींना पुढे पाणी जाण्यासाठी भोक असते, त्यातून बुटाचे नाक दिसते आणि अंदाज येतो. मग पाय उचलून घोटा सैल सोडावा व फिन हलवावी. पट्ट्याशिवायही ती लगेच गळून पडत नसेल, तर खोळ पावलाला धरून आहे. आता पट्टा लावावा आणि चवडा जितका ताणता येईल तितका ताणावा, कारण पाण्यात पाऊल असेच राहणार. या स्थितीत बूट खोळीतून मागे सरकू नये आणि पट्टा टाचेमागच्या शिरेवर चढू नये. पाच मिनिटे तसेच बसून फिन व बूट काढावेत. पावलावर लाल रेघ उमटली असेल तर मोठे माप मागावे.

फुल-फूट फिन ओल्या पायावर चढवावी. टाचेची कड बाहेर उलटवून चवडा आत सारायचा आणि मग कड वर ओढून टाच झाकायची. कोरड्या पायावर ओढाताण केली तर योग्य मापही लहान वाटते. टाच नीट झाकली गेली, बोटे सरळ राहिली आणि करंगळीच्या सांध्यावर दाब आला नाही, म्हणजे माप जमले. रुंद पावलाच्या माणसाने एक माप मोठे घेतले की लांबी वाढते व टाच उचलते. त्याने अधिक रुंद खोळीची फिन शोधावी, नाहीतर ओपन-हीलकडे वळावे.

आणखी एक गोष्ट दुकानात कळत नाही, ती खोलवर गेल्यावर कळते. निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट, आणि बुडबुडे आकुंचन पावून बूट पातळ होतो. वर घट्ट बसलेली फिन तळाशी ढिली वाटू लागते ती त्यामुळे. रबरी पट्ट्याची लांबी बकलने ठरलेली असते, त्यामुळे त्याला हा फरक फारसा भरून काढता येत नाही; स्टीलच्या स्प्रिंगचा पट्टा आपोआप आवळला जातो. खोल पाण्यात नेहमी जाणाऱ्याने स्प्रिंगवर खर्च करावा. शिवाय गार हातांनी, हातमोजे घालून बकल उघडत बसावे लागत नाही, हा फायदा ज्याने लाटांत होडीच्या शिडीजवळ फिन काढली आहे त्याला सांगावा लागत नाही.

ड्रायसूटचे, म्हणजे आत पाणी न शिरू देणाऱ्या पोशाखाचे, बूट सगळ्यांत मोठे: आत लोकरी मोजे, हवा, वर जाड सोल. त्यासाठी एक-दोन मापांनी मोठी खोळ लागते. इथे सैलपणा त्रासाच्या पलीकडे जाऊन धोक्याचा ठरतो. पाय वर झाले की सूटमधली हवा पावलांकडे धावते, बूट फुगून पावलावरून सुटू लागतो, त्याच्याबरोबर फिनही निघते आणि पाणबुडा डोके खाली अशा अवस्थेत वर खेचला जातो. अशावेळी अंग सरळ करायला ज्या फिन्स हव्यात, त्याच गेलेल्या असतात.

पात्याबाबत थोडक्यात. लांब व कडक पाते प्रत्येक लाथेला जास्त पाणी ढकलते आणि तेवढाच जोर मागते. कमकुवत पायांना ते नाकापेक्षा मोती जड होते. आखूड कडक पाते बेडकी लाथेला आणि जागच्या जागी वळायला बरे, फार लांबलचक पाती श्वास रोखून बुडणाऱ्यांची. मुलांसाठी 'वाढत्या पायाची' म्हणून मोठी फिन घेण्याचा मोह टाळावा. मुलांचे पाय लवकर दमतात, आणि सैल फिनने ते आणखी लवकर दमतात. बदलत्या मापाची किंवा वापरलेली फिन हा त्यावरचा उपाय.

मापात अगदी थोडी चूक असेल तर निभावून नेता येते. फुल-फूट फिन किंचित मोठी असेल तर पातळ निओप्रीन मोजा घालावा, किंवा टाच, तळवा व पावलाचा वरचा भाग यांना एकदम धरणारी तीन फाट्यांची रबरी पट्टी लावावी. लहान फिनवर उपाय नाही. खोळीची कड कापली तर रबर तिथूनच फाटत जाते. आणि बूट बदलताना फिन पुन्हा तपासावी. काही वर्षे दाबाखाली वापरलेले निओप्रीन कायमचे पातळ होते, म्हणून त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवा बूट जुन्या फिनमध्ये शिरायला नकार देऊ शकतो.