केमोआधीची मळमळ आणि संगीत : पार्श्वभूमी

खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र असल्याने नवी मुंबईत केमोचे पेशंट सगळीकडे भेटतात. दोन-तीन केमो झाल्या की काहींना पुढच्या वेळी सलाईन लागण्याआधीच, नुसत्या स्पिरिटच्या वासाने उमासे येतात. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. तसं नाही. तो वास आला की पाठोपाठ औषध येतं, हे शरीर शिकलेलं असतं.

शिथिलीकरण कॅन्सरच्या उपचारात रुजलं ते मुख्यतः या मळमळीमुळे. पद्धत त्याहून जुनी. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी 1929 मध्ये पुस्तक लिहून ती मांडली : एकेक स्नायू आधी आवळायचा, मग सैल सोडायचा. शवासन केलेल्यांना ती परकी वाटणार नाही. 1978 मध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाला मान्यता मिळाली. औषध प्रभावी, पण उलट्या भयंकर. उलट्या थांबवणारं ऑन्डान्सेट्रॉन तिथे आलं 1991 मध्ये. मधल्या काळात तिथले मानसशास्त्रज्ञ पेशंटना केमोच्या वेळी जेकबसनची पद्धत शिकवू लागले, जोडीला शांत जागेची कल्पना करायला सांगू लागले. मळमळ आणि धास्ती, दोन्ही कमी झाल्याचं दिसलं. पुढे चांगल्या गोळ्या आल्या, तरी एकदा शिकलेली मळमळ गोळीला फारशी दाद देत नाही, म्हणून ही पद्धत टिकली.

संगीत वेगळ्या वाटेने आलं. मिशिगनमध्ये संगीतोपचाराचा पदवी अभ्यासक्रम 1944 चा. माँट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलात सुसान मन्रो आणि डॉ. बाल्फोर माउंट यांनी शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी ते वापरलं आणि 1978 मध्ये त्यावर लेख लिहिला. 2021 च्या कॉक्रेन आढाव्यात (असे आढावे अनेक चाचण्या एकत्र तपासतात) 81 चाचण्या आहेत : मोठ्यांमध्ये चिंता आणि वेदना कमी होताना दिसते, पण पुराव्याचा दर्जा बराचसा कमकुवत. अमुक रागाने गाठ विरघळते, असं सांगणाऱ्यापासून मात्र पेशंटला लांबच ठेवा.

गाणं पेशंटनेच निवडावं. ठाण्यात नाट्यसंगीतावर वाढलेल्या आजींना बासरीची रेकॉर्ड कशाला? आणि फक्त केमोतच लावलं, तर तेच गाणं मळमळीशी जोडलं जाऊ शकतं. म्हणून बऱ्या दिवसांत, घरीच सराव सुरू करावा. हाडात आजार पसरला असेल, तर तिथले स्नायू आवळण्याआधी डॉक्टरांना विचारावं.