पार्श्वभूमी: पापुन्याचे जुने बोर्ड आणि अमेरिकन विद्यापीठांची म्युझियम्स

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची ठिपक्यांची चित्रं एव्हाना सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेली असतात, ती कशी असतात ते इथे सांगत बसत नाही. झाडांच्या सालीवरची चित्रं मिशनरी आणि मानववंशशास्त्रवाले फार आधीपासून गोळा करायचे, पण कला म्हणून कमी आणि नमुना म्हणून जास्त. कोणतं चित्र उघड दाखवायचं आणि कोणतं नाही, ही खरी गुंतागुंत सुरू होते 1971 ला, अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून अडीचशेएक किलोमीटर लांब वाळवंटात, पापुन्याच्या सरकारी वस्तीत.

तिथल्या शाळेच्या भिंतीवर गावातल्या मोठ्या माणसांनी चित्र काढलं, शाळेतल्या एका मास्तरांनी रंग पुरवले, आणि मग ही माणसं हाताला लागेल त्यावर रंगवायला लागली, फळांच्या खोक्यांच्या फळ्या, फरशीच्या टाइल्स, बांधकामातून उरलेले बोर्डाचे तुकडे. (भिंतीवरचं ते मूळ चित्र तीनच वर्षांत रंग फासून घालवलं, त्यावर काय बोलणार.) या पहिल्या बोर्डांपैकी काहींवर अशा वस्तू आणि विधी सरळ दिसतात जे फक्त दीक्षा झालेल्या पुरुषांनीच बघायचे. आपल्याकडे गाभाऱ्यात कॅमेरा नको म्हणतात ना, त्याहून कितीतरी कडक प्रकार. चित्रं बाहेर विकली जायला लागली तशी इतर वस्त्यांमधून ओरड झाली की हे उघड्यावर मांडलंच कसं, आणि मग चित्रकारांनीच तपशील कमी केले, ठिपके वाढवले. ठिपके फक्त झाकायलाच आले असं सर्रास सांगतात, ते मला जरा जास्तच सोपं वाटतं, पण बदल दिसतो हे खरं.

पुढे बाजार तापला. 1972 चं पाण्याच्या स्वप्नकथेवरचं (स्वप्नकथा म्हणजे पूर्वजांनी जग घडवल्याच्या त्यांच्या पवित्र कथा) एक चित्र पहिल्यांदा 150 डॉलरला गेलं होतं, तेच 2000 च्या लिलावात 4,86,500 ऑस्ट्रेलियन डॉलरला. म्हातारा चित्रकार तेव्हा हयात होता, पण फेरविक्रीत चित्रकाराला वाटा देणारा कायदा तिथे लागू झाला 2010 ला, आणि हे गृहस्थ वारले 2001 लाच.

विद्यापीठं यात मुख्यतः देणग्यांमधून आली. व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलच्या विद्यापीठाला 1997 मध्ये एका अब्जाधीशाने अख्खा संग्रहच देऊन टाकला, त्यात कॅन्ससच्या एका इंग्रजीच्या प्राध्यापकाने 1965 पासून जमवलेली चित्रंही होती.

वादाचा मुद्दा मात्र 2009 चा. न्यूयॉर्कच्या एका जोडप्याकडचे पापुन्याचे सुरुवातीचे बोर्ड इथाका, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क अशा तीन विद्यापीठांच्या म्युझियममध्ये फिरले. कॅटलॉग छापायची वेळ आली तेव्हा प्रश्न आला की गुप्त मानलेल्या चित्रांचं काय करायचं. तोडगा असा निघाला की ती चित्रं मुख्य पुस्तकात नाहीत, वेगळ्या पुरवणीत, आणि ती पुरवणी ऑस्ट्रेलियात विकायची नाही. बाजू घेणारे म्हणतात, ज्यांना बघायची मनाई आहे ती माणसं ऑस्ट्रेलियात आहेत, अमेरिकेतल्या बघणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही, मग नुकसान कुणाचं. हे अगदीच टाकाऊ नाही. पण मला विचाराल तर हा कस्टमच्या माणसाने काढल्यासारखा उपाय आहे. मनाई चित्राला होती आणि बंदी घातली पार्सलला. इंटरनेट तेव्हाही होतंच. शिवाय हे बोर्ड अमेरिकेत आहेत तेच मुळी ते विकले गेले म्हणून, आणि 1971-72 ला विकणाऱ्यांना ते पुढे कुठे कुठे टांगले जातील याची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

ऑस्ट्रेलियातल्याच डार्विन शहरातल्या म्युझियमकडे पापुन्याचे असे दोनशेहून जास्त बोर्ड आहेत. 2017 ला त्यांनी प्रदर्शन केलं तेव्हा वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारलं आणि ज्या बोर्डांना ते नको म्हणाले ते भिंतीवर लागलेच नाहीत.

शार्लट्सव्हिलवाल्यांनीही रस्ता बदलला, पण त्यांचं काम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या यिरकाला या वस्तीतल्या सालचित्रांवर होतं. तिथल्या योल्ङु आदिवासींसोबत सातेक वर्षं बसून 2022 ला न्यू हॅम्पशायरच्या एका विद्यापीठात प्रदर्शन उघडलं, चित्रं निवडली यिरकालाच्याच माणसांनी, कॅटलॉग त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीत. अर्थात यिरकालाला ही सवय जुनी, 1963 लाच त्यांनी जमिनीच्या हक्काचा अर्ज झाडाची साल रंगवून ऑस्ट्रेलियाच्या संसदेला पाठवला होता. काय दाखवायचं आणि काय नाही हे पाठवायच्या आधीच ठरवून. पापुन्याच्या त्या पहिल्या वर्षात एवढी उसंत कुणाकडे नव्हती.