आरएनए विषाणूंमधील उत्परिवर्तन व उत्क्रांती

ज्या विषाणूंची जनुकीय माहिती डीएनएऐवजी आरएनएवर असते (इन्फ्लुएंझा, गोवर, डेंग्यू, चिकुनगुनिया, करोना इ.), त्यांच्या प्रती निघताना सतत होणारे बदल आणि त्यांतील काही टिकून विषाणूचे पालटत जाणारे रूप.

याचे मूळ पॉलिमरेज या विकरात (एन्झाइममध्ये) आहे. ते आरएनएवरून आरएनए उतरवते. पण चुकीचा न्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीतील एक घटक) बसला तर बहुतेक विषाणूंत तो काढून टाकण्याची सोय नसते. ढोबळमानाने दर १०,००० ते १०,००,००० न्यूक्लिओटाइडांमागे एक चूक होते. जनुकसंचच अनेकदा १०,००० च्या आसपास असल्याने, चुकांचे प्रमाण जास्त असेल तिथे जवळपास प्रत्येक प्रतीत एखादा बदल सापडतो. सुमारे ३०,००० न्यूक्लिओटाइडांच्या करोना विषाणूंकडे मात्र चुका दुरुस्त करणारे वेगळे प्रथिन आहे. रुग्णाच्या शरीरात असतो तो किंचित भिन्न प्रतींचा जमाव. जर्मन रसायनशास्त्रज्ञ मानफ्रेड आयगेन यांनी १९७० च्या दशकात मांडलेली क्वासिस्पीशीज ही संकल्पना याच जमावाचे वर्णन करते.

चुका भरपूर म्हणजे विषाणू रोज नवा, हा समज मात्र खरा नाही. बहुतेक बदल विषाणूलाच घातक किंवा निरुपयोगी ठरतात. गोवराचे पॉलिमरेजही चुका करतेच, तरी भारतात बाळांना टोचली जाणारी लस १९५४ साली वेगळ्या केलेल्या विषाणूचीच वंशज आहे आणि ती आजही लागू पडते. प्रतिपिंडे गोवराच्या ज्या प्रथिनांना धरतात, त्यांत मोठे फेरफार झाले तर विषाणूला पेशीत शिरणेच अवघड होते. इन्फ्लुएंझाच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना असे बंधन फारसे नाही. शिवाय त्याच्या जनुकसंचाचे आठ तुकडे असल्याने दोन प्रकार एकाच पेशीत शिरले की तुकड्यांची अदलाबदल होते. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथी अशाच उद्भवल्या.

एका बदलाचे मोल कशावर ठरते, हे चिकुनगुनियात स्वच्छ दिसते. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत आलेली साथ आशियाई जनुकप्रकाराची होती. त्यानंतर हा आजार भारतात जवळजवळ विस्मरणात गेला. २००० साली पुणे जिल्ह्यातील यवत येथील डासांत सापडलेला विषाणू आफ्रिकी प्रकारचा निघाला आणि २००५-०६ मध्ये देशभर पसरला तोही आफ्रिकीच. त्याच सुमारास हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर सुमारे एक तृतीयांश लोकसंख्येला लागण झाली. तिथल्या विषाणूत ई१ या पृष्ठभागावरील प्रथिनाच्या २२६ व्या जागी ॲलानीन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलीन आले होते. एवढ्याशा फरकाने तो एडिस अल्बोपिक्टस, म्हणजे टायगर डासात, कितीतरी सहज वाढू लागला. एडिस इजिप्ती या चिकुनगुनिया पसरवणाऱ्या दुसऱ्या डासात मात्र या बदलाचा विशेष फायदा नाही. भारतातील २००६ च्या साथीत तो नव्हता. २००७ मध्ये केरळात तो स्वतंत्रपणे अवतरला. तिथल्या रबराच्या मळ्यांत चीक गोळा करायच्या वाट्यांत पावसाचे पाणी साचते आणि टायगर डासाची पैदास जोरात होते. चूक कुठेही होऊ शकते. ती टिकवणारा डास तिथे हवा.

चुकांचे प्रमाण आणखी वाढवून विषाणू निकामी करायचा, यावर मोल्नुपिराविर हे करोनावरील औषध बेतलेले आहे. त्याने घडवलेल्या बदलांची विशिष्ट खूण काही रुग्णांकडून पुढे पसरलेल्या विषाणूंमध्येही आढळल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.