ॲजाइलचा क्लास आणि ॲजाइलचा कट्टा

परवा कँटीनमध्ये शेजारच्या टीममधला एक मुलगा म्हणाला, "शनिवारी ॲजाइलला जातोय. बरेच पैसे भरलेत." समोर बसलेली म्हणाली, "अरे, मीपण ॲजाइलला चाललेय, पण माझं तर फुकट आहे." दोघांचे चेहरे एकदम पडले. त्याला वाटलं आपल्याला लुटलं, तिला वाटलं आपल्या पदरात काहीतरी दुय्यम पडतंय.

ॲजाइल म्हणजे सॉफ्टवेअरचं काम छोट्या-छोट्या टप्प्यांत, दर टप्प्याला तपासत करायची रीत. खरं तर दोघांचं काहीच चुकलं नव्हतं. तो सर्टिफिकेशनच्या क्लासला चालला होता आणि ती मीटअपला, म्हणजे याच कामातल्या लोकांच्या खुल्या बैठकीला. मी मीटअपला कट्टा म्हणते, कारण तो शेवटी कट्टाच असतो. गोंधळ होणं साहजिक आहे. पुण्यात बाणेर, खराडी किंवा हिंजवडीत शनिवारी सकाळी दोन्ही भरतात. दोन्हीकडे काचेवर पिवळ्या-गुलाबी चिकट चिठ्ठ्या, दोन्हीकडे सुकत आलेले मार्कर, अकरा वाजता मशीनचा चहा आणि क्रीमची बिस्किटं. स्प्रिंट (कामाचा ठरावीक टप्पा), बॅकलॉग (करायच्या कामांची यादी), रेट्रो (झालेल्या टप्प्याकडे वळून बघायची बैठक) हे शब्दही तेच. नुसते फोटो बघून कुणालाही ओळखता यायचं नाही.

आधी क्लासचं सांगते, ते लवकर आटपतं. स्क्रम ही ॲजाइलची एक पद्धत आणि स्क्रम मास्टर म्हणजे टीमला ती नीट वापरायला मदत करणारा. सर्टिफाइड स्क्रम मास्टर म्हणजे सीएसएमचा क्लास साधारण दोन दिवसांचा. शिकवणाऱ्याकडे स्क्रम अलायन्स या संस्थेचा परवाना असतो, अभ्यासक्रम ठरलेला असतो. शेवटी ५० प्रश्नांची परीक्षा, त्यातले ३७ बरोबर आले की पास. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, मग पैसे भरून आणि शिकण्याचे तास दाखवून ते नवं करून घ्यायचं. दुसरीकडे स्क्रम डॉट ऑर्ग या संस्थेची पीएसएम (प्रोफेशनल स्क्रम मास्टर) परीक्षा आहे. तिला क्लासची सक्ती नाही, ६० मिनिटांत ८० प्रश्न, पास व्हायला ८५ टक्के लागतात, आणि ते प्रमाणपत्र कायमचं. बाजारात दोन्ही चालतात. क्लासला नावं ठेवणारे बरेच भेटतात, पण एचआरच्या चाळणीत ती तीन अक्षरं नसतील तर तुमचा बायोडेटा पुढे सरकत नाही, हे त्यांनाही माहीत असतं. त्यासाठी क्लास केला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

क्लासचा खरा फायदा मात्र वेगळाच आहे. तिथे मूळ मजकूर वाचला जातो. स्क्रम गाइड फुकट मिळतं, जेमतेम तेरा-चौदा पानांचं आहे, आणि तरीही वर्षानुवर्षं स्क्रम करणाऱ्यांनी ते वाचलेलं नसतं. स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याच्या अंदाजाचा आकडा) हा शब्द त्यात कुठेच नाही. डेली स्क्रम, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, जिला स्टँडअपही म्हणतात, तो उभं राहूनच करायचा असंही कुठे लिहिलेलं नाही. 'काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय' हे तीन प्रश्न आधीच्या आवृत्तीत होते, नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीत काढून टाकले. आजही कितीतरी टीम रोज सकाळी हे तीन प्रश्न आरतीसारखे म्हणतात. चांगला शिकवणारा असेल तर दोन दिवसांत अशी बरीच जळमटं झटकली जातात.

माझा क्लास झाला तेव्हा आम्ही तीसेक जण होतो. काय बनवायचं आणि कोणतं आधी हे ठरवतो तो प्रॉडक्ट ओनर. मी विचारलं, "आमचा प्रॉडक्ट ओनर न्यू जर्सीत. उन्हाळ्यातसुद्धा साडेनऊ तासांचा फरक. आमच्या सकाळच्या शंकेचं उत्तर संध्याकाळी सातला येतं. काय करायचं?" सर म्हणाले, "दॅट इज नॉट स्क्रम," आणि स्लाइड पुढे गेली. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्यांचं तरी काय चुकलं? तीस जण, दोन दिवस, संपवायचा अभ्यासक्रम. माझ्या एकटीच्या न्यू जर्सीसाठी गाडी थांबवली असती तर बाकीचे एकोणतीस खोळंबले असते.

तोच प्रश्न मी तीन आठवड्यांनी कट्ट्यावर टाकला. तिथेही उत्तर मिळालं नाही. मिळाले ते पाच उलट प्रश्न.

हा फरक मला नीट कळला तो आयटीत नाही, तासगावात, मामाच्या द्राक्षबागेत. द्राक्षवाल्यांची शिवारफेरी असते. दहा-पंधरा बागायतदार एकेकाच्या बागेत जातात, ओळींमधून फिरतात, पान उलटून बघतात. कृषी विद्यापीठाच्या व्याख्यानात 'द्राक्षाला पाणी किती द्यावं' याचं उत्तर मिळतं, आणि ते ऐकायला हवंच. शिवारफेरीत मात्र बागेत पाय ठेवल्याठेवल्या पहिला प्रश्न येतो, "छाटणी कधीची?" तारीख कळल्याशिवाय कुणी पुढचं बोलत नाही. मग जमीन कसली, खुंट कोणता, पाण्याला खारवटपणा आहे का. यजमान आपली चूकही दाखवतो, कारण समोरच्यानेही आधीच्या फेरीत त्याची दाखवलेली असते. व्याख्यानात कोण बरोबर हे आधीच ठरलेलं असतं, शिवारफेरीत ते वेलीपाशी ठरतं.

कट्ट्यावर छाटणीच्या तारखेच्या जागी टीमचा आकार विचारतात.

आमच्या कट्ट्यावर बहुतेक वेळा लीन कॉफी चालते. २००९ मध्ये सिॲटलमध्ये जिम बेन्सन आणि जेरेमी लाइटस्मिथ यांनी ही पद्धत सुरू केली. कल्पना अगदी साधी. वक्ता नाही, अजेंडा नाही. प्रत्येकाने आपला विषय चिठ्ठीवर लिहायचा, एका वाक्यात सांगायचा, मग प्रत्येकाला दोन ठिपके, आवडेल त्या चिठ्ठीवर द्यायचे. जास्त ठिपक्यांची चिठ्ठी आधी. आठ मिनिटांचा टायमर लावायचा. तो वाजला की सगळ्यांनी अंगठा दाखवायचा. वर असेल तर आणखी चार मिनिटं, खाली असेल तर पुढची चिठ्ठी.

एका शनिवारी खराडीहून आलेल्या एका टेस्टरने लिहिलं होतं, 'स्टँडअप ४० मिनिटं'. नऊ ठिपके पडले. हे दुखणं सगळ्यांच्याच घरचं.

"टीम किती जणांची?"

"चौदा."

"एकच टीम?"

"कागदावर एकच. तसे एपीआयवाले सहा, मोबाइलवाले पाच आणि आम्ही तीन टेस्टर."

"मॅनेजर असतात?"

"असतात."

मग कोपऱ्यात बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "बोलताना लोकांची तोंडं कुणाकडे असतात? बोर्डाकडे की मॅनेजरकडे?" ती हसली. ते उत्तर सगळ्यांना पोचलं.

तोवर कुणी सल्ला दिलाच नव्हता. मग एकीने सांगितलं की त्यांच्याकडे माणसांनी आळीपाळीने बोलणं बंद केलं, कामाची कार्डं रकान्यांत लावलेल्या बोर्डावर अगदी उजवीकडच्या कार्डापासून सुरुवात करतात आणि डावीकडे येतात. म्हणजे आधी संपत आलेलं काम. हे कार्ड आज कशाने पुढे जाईल, एवढंच बोलायचं. आमची टेस्टर म्हणाली, "तसं केलं तर आमची गाडी टेस्टिंगच्या रकान्यातच अडकेल. तिथे नेहमी आठ-नऊ कार्डं पडून असतात." टायमर वाजला. सगळे अंगठे वर.

पुढच्या चार मिनिटांत विषयच पालटला. स्टँडअप लांबत होता तो बडबडीमुळे नाही. अकरा जण काम ढकलत होते आणि तिघं ते उपसत होते, रोजची अर्धी चर्चा 'माझं टेस्टिंग कधी होणार' याचीच. कुणीतरी म्हणालं, त्या रकान्याला मर्यादा घाला. चारच कार्डं. पाचवं आणायचं असेल तर आणणाऱ्याने आधी तिथलं एक संपवायला हात लावायचा. ही कानबान नावाच्या कामाच्या पद्धतीतली जुनी युक्ती, मूळची टोयोटाच्या कारखान्यातली. पुस्तकात ती एका परिच्छेदात येते. आपल्या रकान्याला चार की पाच हे मात्र पुस्तक सांगत नाही.

आता कट्ट्याचं कौतुक जरा आवरते. 'आमच्याकडे चाललं' म्हणजे सगळीकडे चालेल असं नाही, आणि कट्ट्यावर हे विसरायला फार वेळ लागत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याचा अनुभव मोठा ठरतो. एकदा एकाने छातीठोकपणे सांगितलं की स्टोरी पॉइंटशिवाय स्क्रम होतच नाही, आणि आठ जणांनी ते लिहून घेतलं. क्लासमध्ये हे घडलं नसतं. जे फसलं ते सांगायला लोक बिचकतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन बैठकांत सगळ्यांच्याच टीम गोकुळासारख्या नांदत असतात. शिवाय क्लायंटचं नाव घ्यायचं नाही हा करार. म्हणून सगळे 'एक मोठी अमेरिकन बँक' म्हणतात, आणि ती कोणती हे चहावाल्यालासुद्धा माहीत असतं. आमच्या कट्ट्याचा नियम असा: इथे ऐकलेलं खुशाल वापरा, कोण बोललं ते बाहेर सांगू नका.

तरी कट्ट्यातून नवं काही निघतं, आणि ते क्लासमध्ये निघणं अवघडच, कारण क्लासमध्ये तयार झालेलं वाढलं जातं. ॲजाइल हा शब्दच एका बैठकीतला. ११ ते १३ फेब्रुवारी २००१ या दिवसांत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या स्कीइंगच्या ठिकाणी १७ जण जमले. त्यात कुणी कुणाचा गुरू नव्हता. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाले होते, स्क्रमवाले होते, आणखी दोन-चार पद्धतींचे होते आणि बऱ्याच बाबतींत त्यांचं एकमेकांशी जमत नव्हतं. तिथे त्यांनी लिहिलेल्या ॲजाइलच्या जाहीरनाम्याच्या सुरुवातीलाच ते म्हणतात की स्वतः सॉफ्टवेअर करता करता आणि इतरांना करायला मदत करता करता आम्ही अधिक चांगल्या वाटा शोधतो आहोत. 'शोधल्या' असं नाही म्हणत. त्याच्याही आधी, १९९९ च्या सुमारास, लंडनमध्ये एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाल्यांच्या पबमध्ये बैठका व्हायच्या. टेस्ट लिहिताना मॉक ऑब्जेक्ट (प्रोग्रॅमच्या खऱ्या भागाच्या जागी लावलेला नकली भाग) वापरायची पद्धत त्या वर्तुळातल्या गप्पांमधूनच घडत गेली आणि २००० मध्ये त्यावर परिषदेत पेपर वाचला गेला. आज कॉलेजातून नुकताच आलेला मुलगाही मॉक लिहितो.

या दोन्हींच्या मध्ये एक तिसरा प्रकार असतो, त्यापासून जपायला हवं. नाव कट्ट्याचं, काम जाहिरातीचं. ओळखायचा कसा? खुर्च्या गोलात आहेत की रांगेत, हे आधी बघा. दीड तासात समोरच्याने तुम्हाला एकही प्रश्न विचारला नाही, शेवटच्या स्लाइडवर सवलतीचा कोड आहे आणि दाराशी फोन नंबर लिहून घेतायत, तर तो फुकट कट्टा नव्हे, क्लासचा नमुना आहे. नमुना बघायला हरकत नाही, साडीच्या दुकानात आपण बघतोच. घरी येऊन 'मीटअपमध्ये काही राम नाही' असं मात्र म्हणू नका, कारण तुम्ही अजून मीटअपला गेलेलाच नाही.

गंमत म्हणजे दोघांचं पाणी एकाच विहिरीला मिळतं. सीएसएम नवं करायला दोन वर्षांत २० तास शिकणं दाखवावं लागतं, आणि कट्ट्यावर बसलेले तास त्यात धरले जातात. ज्याने पैसे भरून क्लास केला तोही दोन वर्षांनी फुकटच्या बिस्किटांपाशी येतो तो असा. काही जण फक्त तासांसाठीच येतात, मागे बसून मेल बघतात. आम्ही चालवून घेतो. त्यातला एखादा तिसऱ्या वेळी चिठ्ठी लिहितो.

कँटीनमधल्या त्या दोघांना मी एवढंच विचारलं, "तुझा प्रश्न काय आहे?" मुलगा म्हणाला, त्याला डेव्हलपरचा स्क्रम मास्टर व्हायचंय आणि शब्दांचाच घोळ होतोय, प्रॉडक्ट ओनर काय करतो आणि स्क्रम मास्टर काय. त्याला क्लासच हवा. कट्ट्यावर आला असता तर पहिल्या दहा मिनिटांत गटांगळ्या खाल्ल्या असत्या. ती म्हणाली, "आमच्या रेट्रोत कुणी बोलतच नाही." यावर जगातला कुठलाच अभ्यासक्रम तिला दोन तास देणार नाही. तिला म्हटलं, जाताना मागच्या रेट्रोचे मुद्दे घेऊन जा, नावं खोडून, आणि किती जण असतात, मॅनेजर बसतात का, शेवटचा ठरलेला बदल खरंच झाला होता का, एवढं आठवून जा. तेच आधी विचारतील.

खराडीची ती टेस्टर दोन महिन्यांनी परत आली. मर्यादा चारची घातली होती, ती पहिल्या आठवड्यात तिघांनी मोडली, मग पाचची केली, ती टिकली. स्टँडअप अठरा मिनिटांवर आला होता. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिने हातानेच थांबवलं, मार्कर उचलला आणि नवी चिठ्ठी लिहिली: 'डेव्हलपर म्हणतात, आम्हाला काय टेस्टिंगसाठी घेतलंय का?'

यावेळी अकरा ठिपके पडले.